विष, संजीवनी आणि नित्याची गोळी : एचआयव्हीविषयक कथनांतील औषधाची चिकित्सा

प्रस्तावना

एखाद्या रोगाविषयीचे साहित्य वाचताना समीक्षकाचे लक्ष प्रायः रोगाकडे जाते; औषध हा कथनाचा विषय आहे, असे सहसा मानले जात नाही. एचआयव्ही-एड्सविषयक साहित्याच्या बाबतीत हे विशेषत्वाने घडले आहे. संसर्ग कसा झाला, समाजाने रुग्णाला कसे वागविले, मृत्यू कसा आला या तीन प्रश्नांभोवती बहुतेक चर्चा फिरत राहते. सुझन सोंटॅग यांचा 'एड्स अँड इट्स मेटाफर्स' हा 1989 सालचा प्रबंध या चर्चेचा पाया मानला जातो. रोगाला युद्धाच्या, आक्रमणाच्या आणि शिक्षेच्या रूपकांत गुंडाळले की त्याचा भार प्रत्यक्ष रुग्णावर पडतो, हा त्यांचा सिद्धान्त सर्वपरिचित आहे. रोगाचे स्वरूप उलगडले आणि त्यावर उपचार सापडला की रूपकांची पकड सैल होते, अशी आशाही त्यांच्या विवेचनात आहे.

1996 साली व्हँकुव्हर येथील आंतरराष्ट्रीय एड्स परिषदेत तीन औषधांच्या एकत्रित उपचाराचे परिणाम जगासमोर आले. विषाणू शरीरातून नाहीसा झाला नाही, मात्र त्याची वाढ रोखता येऊ लागली. सोंटॅग यांच्या अपेक्षेप्रमाणे त्यानंतर रूपके ओसरावयास हवी होती. प्रत्यक्षात ती रोगावरून औषधावर सरकली. अँटिरेट्रोव्हायरल उपचार, म्हणजेच एआरटी, कुठे 'विष' ठरली तर कुठे 'संजीवनी'. या दोन टोकांच्या मध्ये जे प्रत्यक्षात असते, म्हणजे दररोज ठरलेल्या वेळी घ्यावयाची गोळी आणि तिने शरीरात घडवून आणलेले लहान-मोठे बदल, त्याला कथनात फारच थोडी जागा मिळाली. निवडक कलाकृतींच्या आधारे या रूपकांतराची चिकित्सा करणे आणि औषधाच्या परिणामांविषयी बोलण्यासाठी मराठी भाषेत कोणती साधने उपलब्ध आहेत याचा शोध घेणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मृताच्या हातून आलेले औषध

झिडोव्हुडिन, म्हणजेच एझेडटी, हे एचआयव्हीवरील पहिले मान्यताप्राप्त औषध होय. अमेरिकेत त्यास मार्च 1987 मध्ये मान्यता मिळाली. प्रारंभीची मात्रा दिवसाला 1200 मिलिग्रॅमपर्यंत होती. ती दर चार तासांनी विभागून घ्यावी लागे, म्हणजे रात्री गजर लावून उठणे आलेच. एवढ्या मात्रेने रक्तनिर्मिती मंदावून पंडुरोग होई, मळमळ आणि स्नायूंची दुर्बलता येई. पुढे 1990 मध्ये मात्रा निम्म्यावर आणण्यात आली.

टोनी कुशनर यांच्या 'एंजल्स इन अमेरिका' या द्विदल नाटकाचा काळ 1985-86 चा आहे, म्हणजे हे औषध सर्वांना मिळू लागण्यापूर्वीचा. नाटकातील रॉय कोन हा सत्तेच्या वर्तुळातील वकील आपल्या ओळखींच्या बळावर औषधाचा खाजगी साठा मिळवितो. त्याच्या मृत्यूनंतर बेलीझ हा परिचारक त्या बाटल्या उचलतो. मात्र तत्पूर्वी मृतासाठी प्रार्थना म्हणण्याचा आग्रह लुईसकडे धरतो. त्या बाटल्या प्रायरसमोर येतात तेव्हा प्रेक्षकाला कृतज्ञतेचा क्षण अपेक्षित असतो. प्रायर मात्र साशंक होतो. हे औषध अस्थिमज्जेवर काय परिणाम करते हे त्याला ठाऊक आहे आणि आपण 'बरे' होणार नाही, हेही. बहुतेक समीक्षा या नाटकातील देवदूताच्या आगमनाभोवती घोटाळली आहे. औषधाच्या दृष्टीने पाहता, मिळालेले दान नाकारण्याची शक्यता ज्या प्रसंगात उच्चारली जाते तो हा प्रसंग तितकाच महत्त्वाचा ठरतो.

फ्रेंच लेखक एर्वे गिबेर यांच्या लेखनात याच घटनेचे दुसरे रूप दिसते. 1990 सालच्या त्यांच्या आत्मकथनात्मक कादंबरीतील निवेदक, एका मित्राने कबूल केलेल्या लसीची वाट पाहत राहतो आणि ती त्याच्यापर्यंत कधीच पोहोचत नाही. 1991 सालच्या 'ल प्रोतोकोल कॉम्पासिओनेल' या पुढील कादंबरीत त्याला डीडीआय हे तेव्हा प्रायोगिक अवस्थेत असलेले औषध मिळते. हा साठा एका मृत नर्तकाचा असून त्याला तो वापरता आलेला नसतो. गलितगात्र झालेल्या निवेदकाच्या शरीरात काही काळ बळ येते आणि आपल्या जागी ते औषधच हे पुस्तक लिहीत आहे, अशी त्याची भावना होते. डिसेंबर 1991 मध्ये गिबेर यांचे निधन झाले.

दोन भिन्न भाषांतील, परस्परांशी संबंध नसलेल्या या दोन कलाकृतींत औषध मृताकडून जिवंताकडे येते, ही बाब योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही. औषध दुर्मिळ असते तेव्हा ते वारसाहक्कासारखे, किंवा चोरीच्या मालासारखे, हातोहात फिरते. प्रत्येक गोळीमागे ती न मिळालेला कोणीतरी उभा असतो. अशा परिस्थितीत परिणामांविषयी तक्रार करणे रुग्णाला अपराधासारखे वाटू लागते. 'मिळाले हेच पुष्कळ' या भावनेखाली शरीराची कुरकुर दडपली जाते. प्रायर ती दडपत नाही. कुशनर यांच्या या पात्राचे वेगळेपण येथे आहे.

'विष' हा शब्द कोण उच्चारतो?

औषध आणि विष यांचे नाते जुनेच आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात योग्य योजनेने तीव्र विषही औषध होते आणि अयोग्य योजनेने औषधही विष ठरते, असा विचार मांडलेला आहे. प्लेटोच्या संवादावरील आपल्या 1968 सालच्या प्रसिद्ध निबंधात जॅक देरिदा यांनी 'फार्माकॉन' या ग्रीक शब्दातील हाच दुहेरी अर्थ उलगडला. या सैद्धान्तिक चर्चेत एक प्रश्न मात्र मागे राहतो. औषधाला विष म्हणणारा कोण आहे आणि त्या उच्चाराने कोणाच्या शरीरावर काय घडते?

जाँ-मार्क वाले यांचा 'डॅलस बायर्स क्लब' हा 2013 सालचा चित्रपट या प्रश्नाच्या संदर्भात तपासण्याजोगा आहे. नायक रॉन वुडरूफ प्रथम चोरवाटेने एझेडटी मिळवितो आणि त्याची प्रकृती ढासळते. त्यानंतर तो अन्य औषधे व पूरके आणून विकू लागतो. चित्रपटाची नैतिक मांडणी सरळ आहे : औषध कंपनी व शासन एका बाजूला, रुग्ण दुसऱ्या बाजूला, आणि एझेडटी ही खलनायकाची वस्तू. औषधाची कमी मात्रा पुढे संयुक्त उपचारांत वापरली गेली आणि त्यातून लाखो जीव वाचले, ही माहिती शेवटी पडद्यावरील अक्षरांत येते. ज्या सत्याने संपूर्ण कथेचा तोल बदलला असता ते कथेबाहेरच्या एका ओळीत उरकले जाते. रंजनपर चित्रपटाकडून औषधशास्त्राच्या बारकाव्यांची अपेक्षा का करावी, असा आक्षेप येथे घेतला जाऊ शकतो. अपेक्षा बारकाव्यांची नाही. मात्रा जास्त असल्याने झालेली हानी आणि औषध मुळातच घातक असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कथा त्या एक करते, हा दोष आहे.

या दोषाची किंमत केवळ कलात्मक नसते, हे दक्षिण आफ्रिकेच्या इतिहासावरून ध्यानात येते. ऑक्टोबर 1999 मध्ये तत्कालीन राष्ट्राध्यक्ष थाबो म्बेकी यांनी संसदेत एझेडटीच्या विषारीपणाचा मुद्दा उपस्थित केला. त्यानंतरच्या वर्षांत शासनाने सार्वजनिक रुग्णालयांतून ही औषधे देण्यास टाळाटाळ केली. मातेकडून बालकास होणारा संसर्ग टाळण्यासाठी नेव्हिरापिन उपलब्ध करून द्यावे, असा आदेश जुलै 2002 मध्ये तेथील संविधान न्यायालयास द्यावा लागला. 2008 साली हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी केलेल्या अभ्यासानुसार 2000 ते 2005 या काळातील विलंबामुळे 3,30,000 हून अधिक माणसे प्राणास मुकली.

प्रायरच्या मनातील शंका आणि राष्ट्राध्यक्षांच्या भाषणातील शंका यांचा शब्दार्थ जवळजवळ एकच आहे. पहिली शंका औषध समोर असताना, स्वतःच्या शरीराविषयी निर्णय घेण्याचा अधिकार असलेल्या रुग्णाची आहे. दुसरी शंका औषध इतरांपर्यंत पोहोचू न देणाऱ्या सत्तेची आहे. परिणामांविषयी बोलणे हा रुग्णाचा अधिकार होय. त्याच परिणामांचे निमित्त करून औषध नाकारणे हा अधिकाराचा अपहार होय. औषधाच्या कथनाचे मूल्यमापन करताना हा भेद निकष म्हणून वापरला पाहिजे, असे प्रस्तुत लेखात सुचवावयाचे आहे.

संजीवनीचे कथन आणि त्याच्या मर्यादा

दक्षिण आफ्रिकेतील न्यायमूर्ती एडविन कॅमेरॉन यांचे 'विटनेस टू एड्स' हे 2005 सालचे आत्मकथन दुसऱ्या टोकाचे प्रतिनिधित्व करते. न्यायालयातील जिने चढता येईनासे झाले तेव्हा आपल्याला एड्स झाल्याची खूण पटली, या अनुभवाने पुस्तकाचा प्रारंभ होतो. 1997 च्या अखेरीस त्यांनी उपचार सुरू केले आणि त्यांच्या शरीरात बळ परतले. 1999 मध्ये, न्यायाधीशपदावर असतानाच, त्यांनी आपली स्थिती जाहीर केली.

हे पुनरुत्थानाचे कथन असले तरी कॅमेरॉन त्यात रमत नाहीत. 2000 साली डर्बन येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत त्यांनी मांडलेला मुद्दा पुस्तकाच्याही केंद्रस्थानी आहे : औषधाचा मासिक खर्च आपल्याला परवडतो म्हणून आपण जिवंत आहोत आणि आपल्या खंडातील कोट्यवधींना तो परवडत नाही. याच काळात झॅकी अकमत या कार्यकर्त्याने सर्वसामान्यांना औषध मिळेपर्यंत स्वतः ते न घेण्याचा निश्चय केला आणि तो 2003 पर्यंत पाळला. एकाने औषध घेऊन आणि दुसऱ्याने ते नाकारून एकाच अन्यायाकडे बोट दाखविले.

फेब्रुवारी 2001 मध्ये मुंबईतील सिप्ला कंपनीने तीन औषधांचा संयुक्त उपचार एका आंतरराष्ट्रीय वैद्यकीय सेवाभावी संस्थेला प्रतिरुग्ण वर्षाला 350 डॉलर्समध्ये देऊ केला. तोपर्यंत हाच खर्च 10,000 ते 15,000 डॉलर्सच्या घरात होता. या घटनेचे कथन बहुधा विजयगाथेच्या स्वरूपात केले जाते आणि ते अन्याय्य नाही. तथापि, स्वस्त झालेल्या त्या संचात स्टॅव्हुडिन होते. त्याच्या दीर्घकालीन परिणामांकडे आपण पुढे येऊ. विजयगाथेत या परिणामांना जागा नसते, एवढे येथे नोंदविणे पुरेसे आहे. औषध न मिळण्याचा अन्याय मांडून झाल्यावर, मिळालेले औषध सोसण्याची गोष्ट सांगायची राहून जाते.

जॉनी स्टाइनबर्ग यांचे 'थ्री-लेटर प्लेग' हे 2008 सालचे पुस्तक या मर्यादेच्या पलीकडे जाण्याचा प्रयत्न करते. लुसिकिसिकी या ग्रामीण भागात चांगले उपचार मोफत उपलब्ध झाले असतानाही एक तरुण दुकानदार चाचणीच करून घेत नाही. का, हा लेखकाचा प्रश्न आहे. गावात चाचणी होते त्या दिवशी कोण किती वेळ आत थांबला यावरून लोक निकाल ताडतात. लांबलेल्या समुपदेशनाचाच बोभाटा होतो. औषध दारात येऊन पोहोचले तरी ते घेण्याची कृती गुप्त राहू शकत नाही, ही भीती या पुस्तकाने नेमकी टिपली आहे. संजीवनीच्या रूपकात या भीतीला वाव नाही. लक्ष्मणाला संजीवनी घेताना कोणी पाहील याची चिंता नव्हती.

भारतीय चित्रपट आणि अनुपस्थित गोळी

भारतीय संदर्भात 2000 ते 2005 या काळात तीन चित्रपट ठळकपणे समोर येतात. महेश मांजरेकर यांचा 'निदान' हा 2000 सालचा चित्रपट रक्तसंक्रमणातून संसर्ग झालेल्या मुलीच्या कुटुंबाची कथा सांगतो. रेवती दिग्दर्शित 'फिर मिलेंगे' हा 2004 सालचा चित्रपट नोकरीतून काढून टाकण्याविरुद्धच्या न्यायालयीन लढ्याचा आहे. ओनीर यांचा 'माय ब्रदर निखिल' हा 2005 सालचा चित्रपट गोव्यात घडतो. गोव्यातील डॉमिनिक डिसोझा यांना 1989 मध्ये तत्कालीन कायद्याच्या आधारे सक्तीने स्थानबद्ध करण्यात आले होते. त्यांच्या आयुष्यावरून या चित्रपटास प्रेरणा मिळाली.

या चित्रपटांचा भर कुटुंब, कायदा आणि कलंक यांवर आहे. 'निखिल'चे कथानक 1994 मध्ये संपत असल्याने त्यात संयुक्त उपचार येऊ शकत नव्हते, हे मान्य केले पाहिजे. परंतु हा चित्रपट प्रदर्शित झाला त्याच्या वर्षभर आधी, 1 एप्रिल 2004 रोजी, केंद्र शासनाने सहा राज्यांतील आठ रुग्णालयांत मोफत एआरटी सुरू केली होती. मुंबईचे जे. जे. रुग्णालय त्यांपैकी एक होते. म्हणजे पडद्यावर एड्सग्रस्त माणूस मरत असताना रुग्णालयाच्या रांगेत तो गोळ्यांची बाटली घेऊन घरी निघाला होता. कलाकृतीचा काळ आणि समाजाचा काळ यांत असे अंतर पडणे स्वाभाविक आहे. प्रश्न एवढाच, की पुढील दोन दशकांत लोकमानसातील प्रतिमा किती बदलली? महाविद्यालयांत दरवर्षी 1 डिसेंबरला लागणाऱ्या भित्तिपत्रकांवर आजही लाल फीत, प्रतिबंधाचे उपाय आणि मृत्यूची छाया दिसते. रोज गोळी घेऊन परीक्षेला बसणारा विद्यार्थी त्या चित्रांत अभावानेच आढळतो.

गोळीने बदललेले शरीर

भारतातील प्रारंभीच्या मोफत उपचारांत स्टॅव्हुडिन किंवा झिडोव्हुडिन, लॅमिव्हुडिन आणि नेव्हिरापिन यांचा वापर होई. हिमोग्लोबिन कमी असलेल्यांना झिडोव्हुडिन देणे धोक्याचे असल्याने त्यांच्या वाट्यास स्टॅव्हुडिन येई, आणि आपल्याकडील गरीब रुग्णांत, विशेषतः स्त्रियांत, हिमोग्लोबिन कमी असणे ही नित्याची बाब आहे. स्टॅव्हुडिनने काही काळाने तळपायांची आग होई, मुंग्या येत, गाल बसत, हातापायांवरील मेद झडून शिरा वर येत. नेव्हिरापिनमुळे अंगावर पुरळ उठण्याचा आणि यकृतास इजा होण्याचा धोका असल्याने ते पहिले दोन आठवडे निम्म्या मात्रेत दिले जाई.

यातील बसलेले गाल हा परिणाम समीक्षेच्या दृष्टीने विशेष अर्थपूर्ण आहे. विषाणू काबूत आलेला असतो, वजन सावरलेले असते, माणूस कामावर जात असतो. अशा वेळी औषधच त्याच्या चेहऱ्यावर रोगाची खूण उमटवते. ज्या गोळीने जीव वाचविला तिनेच गुपित फोडले. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 च्या अखेरीस स्टॅव्हुडिन टप्प्याटप्प्याने बंद करण्याची शिफारस केली आणि त्यानंतरच्या वर्षांत ते भारतातही मागे पडले. त्यापुढे टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि एफाव्हिरेन्झ यांची दिवसातून एकच संयुक्त गोळी आली. एफाव्हिरेन्झने चक्कर येई, गुंगी येई आणि विलक्षण स्पष्ट स्वप्ने पडत. म्हणून ती रात्री निजताना घेण्याचा सल्ला असे. आता तिची जागा बहुतांशी डोल्युटेग्राव्हिरने घेतली आहे. हे औषध अधिक सुसह्य असले तरी काहींची झोप उडते, काहींचे वजन वाढते, क्वचित रक्तातील साखर वाढते. लोहाच्या, कॅल्शियमच्या किंवा आम्लपित्ताच्या गोळ्यांबरोबर घेतल्यास त्याचे शोषण कमी होते. त्यामुळे वेळांचे गणित सांभाळावे लागते. झोप उडत असल्यास गोळी सकाळी घेण्याने पुष्कळांना आराम पडतो; मात्र वेळ बदलणे, औषध बदलणे वा अन्य गोळ्यांशी मेळ घालणे हे एआरटी केंद्रातील डॉक्टरांशी बोलूनच व्हावयास हवे. परस्पर डोस चुकविल्यास विषाणू औषधाला दाद देईनासा होण्याचा धोका असतो.

या तपशिलांहून महत्त्वाचा असा एक बदल 2017 पासून घडला आहे. त्या वर्षी भारताने निदान होताच उपचार सुरू करण्याचे धोरण स्वीकारले. 2011 साली जाहीर झालेल्या एचपीटीएन 052 या आंतरराष्ट्रीय अभ्यासाने, ज्यात पुणे व चेन्नई येथील केंद्रांचाही सहभाग होता, लवकर उपचार घेतल्यास जोडीदारास होणारा संसर्ग 96 टक्क्यांनी घटतो असे दाखविले होते. विषाणूचे प्रमाण चाचणीत न सापडण्याइतके खाली आल्यास आणि तसेच टिकल्यास लैंगिक संबंधातून संसर्ग होत नाही, हे पुढील अभ्यासांनी प्रस्थापित केले. वैद्यकदृष्ट्या हे मोठेच यश आहे. कथनाच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा, की औषध आता मरणासन्न शरीरात येत नाही. काहीही दुखत नसलेल्या शरीरात येते. गिबेरच्या निवेदकाला औषधाने शक्ती दिली. आजच्या धडधाकट तरुणाला मात्र पहिल्या आठवड्यात औषधच आजाराची जाणीव करून देते. त्याच्यासाठी मळमळ किंवा निद्रानाश ही रोगाची पहिली, कदाचित एकमेव, प्रत्यक्ष अनुभूती असते. गोळी सोडून देण्याचा मोह या अनुभूतीतून निर्माण होतो. जुन्या कथनांपैकी एकही त्याच्या उपयोगी पडत नाही, कारण त्या सर्व कथनांत आधी मरण येते आणि मग औषध.

'दुष्परिणाम' की 'न मानवणे'?

येथे भाषेचा प्रश्न उपस्थित होतो. इंग्रजीतील 'साइड इफेक्ट' या शब्दात जे घडते ते 'बाजूला' घडते, असे गृहीत आहे. ही बाजू ठरविणारी दृष्टी औषध देणाऱ्याची आहे. ज्याचे तळपाय जळतात त्याच्यासाठी ती आग मध्यभागीच असते. मराठीने रूढ केलेल्या 'दुष्परिणाम' या शब्दात ही बाजूची कल्पना नाही, परंतु 'दुस्' या उपसर्गाने निवाडा आधीच दिलेला आहे. परिणाम वाईट, म्हणून तो घडविणारे औषध वाईट, अशी साखळी मनात सहज जुळते आणि विषाच्या रूपकास दार उघडते.

याउलट, बोलीतील क्रियापदे अधिक सूक्ष्म आहेत. 'औषध मानवले नाही', 'गोळी उष्ण पडली', 'औषध बाधले', 'लागू पडले', 'आता अंगवळणी पडले' अशी वाक्ये आपल्या घराघरांत ऐकू येतात. 'मानवणे' या क्रियापदात दोष औषधाचाही नाही आणि शरीराचाही नाही. दोघांचे परस्परांशी जुळणे वा न जुळणे एवढेच सांगितले जाते. आज जे मानवले नाही ते पुढे मानवू शकते, किंवा त्याऐवजी दुसरे मानवणारे मिळू शकते, ही शक्यता त्यात शिल्लक राहते. एआरटीचे वास्तव हेच आहे : प्रारंभीचे बहुतेक त्रास काही आठवड्यांत ओसरतात, आणि जे ओसरत नाहीत त्यांसाठी औषध बदलता येते.

'पथ्य' या शब्दाचेही असेच आहे. वैद्यकीय परिभाषेत नियमित औषध घेण्याला 'पालन' म्हटले जाते आणि आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात त्याचे मोजमाप टक्केवारीत होते. 95 टक्के वा त्याहून अधिक मात्रा घेतल्या गेल्या पाहिजेत, असा दंडक आहे. पालन म्हटले की आज्ञा आली, आणि आज्ञा आली की तिचा भंग करणारा दोषी ठरला. उरलेल्या गोळ्या मोजल्या जाताना ज्याला त्रासामुळे डोस टाळावासा वाटला तो खरे कारण सांगण्याऐवजी गोळ्या लपविण्याची शक्यता अधिक. पथ्य हे आज्ञेपेक्षा वेगळे असते. ते माणूस स्वतःसाठी पाळतो, त्याच्या दिनक्रमात, ताटात आणि झोपेत ते विणलेले असते, आणि ते घरच्यांच्या मदतीने चालते.

अर्थात, बोलीतील शब्दांचे भाबडे उदात्तीकरण टाळले पाहिजे. 'उष्ण पडते' या समजुतीपायी औषध बंद करून ताकावर भिस्त ठेवणारेही आहेत, आणि पुरळ, कावीळ किंवा श्वासाचा त्रास यांसारखी गंभीर लक्षणे 'मानवेल हळूहळू' म्हणून अंगावर काढणे जिवावर बेतू शकते. शिवाय पथ्य घरच्यांच्या मदतीने चालते हे खरे असले, तरी घरच्यांना सांगता येत नाही त्याचे काय, हा प्रश्न उरतोच. भाषा येथे उपचार करीत नाही. रुग्णाला त्रास सांगता यावा आणि सांगितल्याबद्दल त्याला दोषी वाटू नये, एवढी सोय ती करू शकते. ही सोय लहान नाही.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली अशी, की एचआयव्हीवरील उपचार उपलब्ध झाल्याने रोगाभोवतीची रूपके नष्ट झाली नाहीत, ती औषधावर स्थलांतरित झाली. दुसरी अशी, की 'विष' हे रूपक रुग्णाच्या मुखी अनुभवाचे असते आणि सत्तेच्या मुखी नकाराचे. दोहोंत भेद न करणारी कलाकृती, तिचा हेतू कितीही चांगला असो, नकाराला बळ देते. तिसरी अशी, की 'संजीवनी' हे रूपक औषधप्राप्तीच्या लढ्यात उपयोगी पडले तरी प्राप्तीनंतरच्या दीर्घ काळाविषयी ते मूक आहे. निरोगी शरीरात सुरू होणाऱ्या आणि आयुष्यभर चालणाऱ्या उपचाराचे कथन अद्याप पुरेसे लिहिले गेलेले नाही. त्यासाठी लागणारे शब्द मात्र आपल्या भाषेत आहेत.

या निष्कर्षांचा संबंध आपल्या वर्गांशीही आहे. जन्मतः संसर्ग झालेली आणि 2004 नंतरच्या मोफत उपचारांवर वाढलेली मुले आता महाविद्यालयांत व वसतिगृहांत आहेत. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, 2017, जो सप्टेंबर 2018 पासून अमलात आला, त्याने त्यांच्याविरुद्ध भेदभाव करण्यास मनाई केली आहे आणि त्यांच्या स्थितीच्या गोपनीयतेस संरक्षण दिले आहे. कोण गोळी घेतो हे जाणून घेण्याचा अधिकार अध्यापकाला नाही आणि त्याची आवश्यकताही नाही. वर्गात अशी गोळी घेणारा कोणीतरी असू शकतो, हे गृहीत धरून बोलणे मात्र त्याच्या हाती आहे. सकाळच्या तासाला डुलकी घेणाऱ्यास जाहीर जाब न विचारणे, वसतिगृहाच्या कपाटाला कुलूप असू देणे, दर महिन्याला एक दिवस अनुपस्थित राहणाऱ्याकडे कारणाचा पुरावा न मागणे या गोष्टी साहित्यसमीक्षेच्या कक्षेबाहेरच्या वाटतील. परंतु 'एंजल्स इन अमेरिका' शिकविताना प्रायरच्या शंकेला भित्रेपणा म्हणावे की स्वतःच्या शरीराविषयीची जाणीव, हे आपण ठरवीत असतो. त्या वेळी मागच्या बाकावर बसलेला एखादा विद्यार्थी स्वतःच्या शंकेचा अर्थही त्यावरून लावीत असण्याची शक्यता असते. त्याला लागणारे शब्द आपल्या विवेचनातून त्याच्यापर्यंत पोहोचावेत, एवढी अपेक्षा समीक्षेकडून करणे अनाठायी ठरू नये.